मागची चाकं

नीना टिपणीस या बाईंना कमलाकर मुजुमदार चांगले ओळखतात, असं लंडनमधल्या ईलिंगच्या मराठी मंडळात सगळे धरून चालायचे. फेब्रुवारीत बाई झोपेतच गेल्या, तेव्हा मंडळातल्या एकीने कमलाकरांनाच फोन केला. "काका, त्यांच्या माहेरचं कोणी आहे का हो? कळवायला हवं." माहेर मिरजेचं की सांगलीचं, हेही कमलाकरांना धड माहीत नव्हतं. नवरा होता की नव्हता, असला तर कुठे गेला, ते बाईंनी कधी सांगितलं नाही आणि यांनी कधी विचारलं नाही. बावीस वर्षांत दोघांचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक हॉलबाहेरच्या पार्किंगमध्ये, चपला-बूट घालता घालता.

माहीत होतं ते थोडंच. हॅनवेलच्या एका गॅरेजात बाई आधी काउंटरवर पावत्या फाडायच्या. एक दिवस मालकाला म्हणाल्या, गाडीखाली जाऊन काय करता ते मलाही शिकवा. पुढे रीतसर परीक्षा देऊन त्या एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, लोकांच्या गाड्या पास-नापास करायला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. गणपतीला सुती साडी नेसून यायच्या, पण खाली बूट तेच, कामावरचे, काळे आणि जाड. आरती जोरात म्हणायच्या. प्रसाद मात्र डब्यात घालून घरी न्यायच्या, चारचौघांत खायच्या नाहीत.

मंडळात कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की मुलगी बघायला जाताना घरातलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर न्यावं तसं नीनाबाईंना न्यायचे. त्यांची अट एकच. गाडी बघून होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही. "चहा पोटात गेला की जीभ जड होते," त्या म्हणायच्या. "आणि पोहे खाल्ले तर बघायलाच नको. मग इंजिन नसलं तरी माणूस होकार देऊन येतो."

कमलाकरांनी नेमके पोहे खाल्ले होते.

झालं होतं असं. त्यांची एकुलती, इथेच वाढून मराठी अडखळत बोलणारी मुलगी देविका सुईण आहे, इथल्या सरकारी आरोग्यसेवेत. मागच्या शरद ऋतूत तिला डार्बीशरच्या डोंगरात, बक्स्टनच्या वरच्या अंगाला काम मिळालं आणि ती सहा वर्षांच्या दियाला घेऊन तिकडे राहायला गेली. दियाचे वडील त्यांच्याबरोबर नसतात. बाई जाण्याआधीच्या डिसेंबरात पहिला कडक गारठा पडला, त्या सकाळी शाळेच्या उतारावर देविकाची छोटी गाडी घसरली आणि दगडी कुंपणावर जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. पण देविकाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कमलाकरांना ओळखू येईना.

"बाबा, गाडी थांबलाच नाही. मी ब्रेक दाबला आणि तो नुसता जात राहिला. आणि दिया ओरडली पण नाही. शी जस्ट वेंट क्वाएट."

तिचं म्हणणं सरळ होतं. हिवाळाभर तिला अशाच रस्त्यांनी घरोघरी जायचं होतं, कित्येकदा दियाला मागे बसवून. चारही चाकांना जोर मिळणारी धड गाडी मिळाली तर ती राहील, नाहीतर जानेवारीअखेर नोकरी सोडेल. तिला स्वतःला शोधायला सवड नव्हती. कमलाकर म्हणाले, "मी बघतो." आयुष्यात त्यांनी एकही गाडी निवडली नव्हती. आधीच्या दोन्ही गाड्या बायकोने रंग पाहून घेतल्या होत्या.

आणि जानेवारी लागताच मंडळात हरीश भेटला. ब्रॅकनेलच्या कंपनीतलं काम संपलं म्हणून तो, त्याची बायको सीमा आणि तीन वर्षांचा विहान, तिघं पुण्याला परत निघाले होते. गाडी विकायची होती. फोर व्हील ड्राइव्ह, सात वर्षांची, चांदीसारखी चकचकीत. आपलाच माणूस. कमलाकर त्यांच्या घरी गेले. सीमाने पोहे केले, वर ओलं खोबरं, मग चहा, मग पुन्हा अर्धा कप. उठताना कमलाकर म्हणून गेले, "ठरलं समजा." सीमाने त्यांच्या हातात नारळ ठेवला. हरीशने त्यांच्यासमोरच जाहिरात काढून टाकली.

घरी आल्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. दोन दिवसांनी त्यांनी नीनाबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं, नारळासकट.

"म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी बघायला बोलावताय," नीनाबाई म्हणाल्या.

"तसं नाही... फक्त एकदा नजर टाकलीत तर."

"पोह्यांत लिंबू होतं का?"

"होतं."

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी जाऊ."

शनिवारी आभाळ खाली आलं होतं. बुधवारी डोंगरात बर्फ पडणार असं हवामानखातं दोन दिवस सांगत होतं. ब्रॅकनेलला सीमा दारातच उभी होती. "या ना मावशी, आधी चहा."

"नंतर," नीनाबाई म्हणाल्या. "आधी गाडी."

सीमाने कमलाकरांकडे पाहिलं. कमलाकरांनी बुटांकडे पाहिलं.

नीनाबाईंनी गाडीला एक चक्कर मारली, हात मागे बांधून. मग खाली बसल्या, खिशातून वीस पेन्सचं नाणं काढलं आणि पुढच्या टायरच्या खाचेत उभं घातलं. नाण्याची कड बुडाली. मागच्या टायरला तेच नाणं घातलं, तर कड बरीचशी वर दिसत राहिली.

"पुढचे नवे आहेत," हरीश कौतुकाने म्हणाला. "दोनदा बदललेत. मागचे अजून ओरिजिनल आहेत मावशी, सात वर्षं झाली. लीगल आहेत हां, एमओटी पास आहे."

"दोनच का बदललेस?"

"पुढचेच झिजले होते. न झिजलेले टायर कशाला फेकून द्यायचे?"

कमलाकरांना हे अगदी पटलं. त्यांनीही तेच केलं असतं. त्यांच्या घरात उशीचा अभ्रासुद्धा फाटला तेवढाच बदलत. नीनाबाई मात्र "हं" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. बावीस वर्षांत कमलाकरांना एवढं कळलं होतं, की बाई बोलताहेत तोवर काळजी नाही.

"इथे जवळपास ओल्या गवताचा चढ आहे का?" त्यांनी विचारलं.

खेळाच्या मैदानाच्या पार्किंगला लागून तसा एक चढ होता. नीनाबाई स्टिअरिंगवर बसल्या. पुढची चाकं गवतात नेली, मागची त्याच्या कडेला, चिखलात. चाक घसरू न देणारी यंत्रणा कुठल्याशा बटणाने बंद केली आणि काच खाली केली.

"कमलाकरराव, तुम्ही तिथे मागच्या चाकापाशी उभे राहा. लांबून हां, चिखल उडेल. मी हळूहळू जोर देते. पुढची घसरायला लागली की मागच्यांनी ढकललं पाहिजे. ती फिरतात की नाही, एवढंच बघायचं. फक्त मागची."

कमलाकर उभे राहिले. हरीश त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने हातमोजे घातले नव्हते आणि तो बोटं चोळत होता. "शुक्रवारची फ्लाइट आहे काका," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आहात म्हणून बरं. बाहेरचा असता तर घासाघीस केली असती."

इंजिनाचा आवाज चढला. पुढची चाकं गरकन फिरली, गवताच्या चिंध्या उडाल्या, चिखलाचा काळा फवारा मागे आला. मागचं चाक जागच्या जागी होतं. त्याच्या खाचेत एक पिवळं पान अडकलं होतं, ते तसूभरही हललं नाही. कमलाकरांनी डोळे बारीक केले. नीनाबाईंनी आणखी जोर दिला. पान तिथेच.

आवाज थांबला. नीनाबाईंनी मान बाहेर काढली. "फिरली?"

हरीश कमलाकरांकडे बघत होता. त्याला काही दिसलं नव्हतं, तो पुढच्या चाकांकडे बघत राहिला होता. त्याचा चेहरा अगदी विश्वासाचा होता.

"फिरली," ते म्हणाले. "असावीत. थोडीशी."

नीनाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

घरापाशी परत आल्यावर त्यांनी हरीशला किल्ली दिली. "हे कळवतील तुला." सीमाने पुन्हा चहाचं विचारलं, पुन्हा नाही म्हणाल्या. आपल्या जुन्या गाडीत बसल्या, कमलाकर शेजारी बसले आणि दोघं निघाले.

ब्रॅकनेलला राउंडअबाउटांची, म्हणजे गोल चौकांची, कमी नाही. पहिल्याच मोठ्या राउंडअबाउटला लंडनचा फाटा आला आणि नीनाबाई तो सोडून पुढे गेल्या. कमलाकरांना वाटलं, चुकल्या असतील. दुसऱ्या फेरीला पुन्हा तो फाटा आला, पुन्हा गेला.

"नीनाबाई, आपला फाटा..."

"दिसतोय मला. ही डावीकडची वाट लंडनची, ती पलीकडची परत हरीशच्या दारात जाते. कुठली घेऊ ते तुम्ही सांगायचं."

"मी काय सांगणार?"

"मागची चाकं फिरली?"

मागून एका व्हॅनने हॉर्न दिला. नीनाबाईंनी तिला जाऊ दिलं आणि तिसरी फेरी सुरू केली. कमलाकरांच्या डोळ्यांसमोर मैदान, झाडं, पाटी, पुन्हा मैदान फिरत होतं. हरीशची बोटं दिसत होती. नारळ दिसत होता, तो अजून त्यांच्या स्वयंपाकघरात तसाच होता. आणि देविका म्हणाली होती ते कानात होतं, दिया ओरडली पण नाही.

चौथी फेरी.

"नाही," कमलाकर म्हणाले. "नाही फिरली. पान होतं खाचेत. हललं नाही ते."

नीनाबाई हरीशच्या दिशेला वळल्या.

"मला माहीत आहे. मी बाजूचा आरसा खाली वळवून बघत होते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"नात कुणाची आहे?" त्या म्हणाल्या.

दार सीमाने उघडलं. हरीश मागे सामानाच्या खोक्यांना पट्ट्या चिकटवत होता. कमलाकर आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हणाले नव्हते. लोकांची बोलणी खाल्ली होती, नको असलेलं वाढून घेतलं होतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहूनच म्हणाले, एका दमात, थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही अशा भीतीने. "हरीश, मी मघाशी खोटं बोललो. मागची चाकं फिरत नव्हती. मला गाडी नको. शब्द दिला होता, तो मी मोडतोय."

"काका, आम्ही जाहिरात काढली," सीमा म्हणाली. तिचा आवाज चढला. "तीन जण आले होते, त्यांना नाही म्हटलं. नारळ दिला तुम्हाला. असं असतं का?"

"नसतं," कमलाकर म्हणाले. "चुकलं माझं."

"पण गाडी परफेक्ट चालते!" हरीशला खरंच कळत नव्हतं. "मावशी, तुम्हीच चालवलीत ना?"

"चालते," नीनाबाई म्हणाल्या. "सपाटीवर पुढच्या दोन चाकांवर मस्त चालते, तुला कळणारही नाही. पुढचे टायर नवे म्हणजे मोठे, मागचे झिजलेले म्हणजे लहान. मागच्या चाकांना जोर पोचवणारा जो भाग असतो ना, त्याला वाटतं गाडी सारखीच घसरतेय. तो सांभाळून घेत राहतो, तापत राहतो आणि एक दिवस बसतो. असल्या गाडीचे चारही टायर एकदम बदलायचे असतात. तुला कुणी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. तुझा लबाडपणा नाही यात."

हरीश खोक्यावर बसला. मग म्हणाला, "आम्ही ख्रिसमसला वेल्सला गेलो होतो. डोंगरात. बर्फ होता तिथे." त्याने सीमाकडे पाहिलं. "त्या वळणावर गाडी घसरली होती बघ, आठवतं? मी म्हटलं, काही नाही, फोर व्हील आहे."

सीमा आत जाऊन विहानला उचलून घेऊन आली, कारण नसताना. तो झोपेतून उठला म्हणून रडायला लागला.

"ज्याला ही इथेच, सपाटीवर चालवायची आहे, त्याला खरं सांगून दे," नीनाबाई म्हणाल्या. "काय बिघडलंय ते मी कागदावर लिहून देते, सहीसकट. शुक्रवारच्या आत जाईल." मग बूट काढून त्या आत आल्या. "सीमा, आता चहा चालेल मला. साखर कमी."

सीमाने चहा दिला. कमलाकरांपुढेही कप ठेवला, जरा जोरात.

सोमवारी नीनाबाईंचा फोन आला. त्यांच्या ओळखीतल्या एका मेकॅनिकने डार्बीशरमधलीच एक गाडी सांगितली होती. बक्स्टनच्या खाली, मॅटलॉकला, एका निवृत्त मास्तरीणबाईंची. अकरा वर्षांची, हिरवी, आत कुत्र्याचा वास. "टायर चारही एका जातीचे आणि एका वयाचे, बर्फाचे," त्या म्हणाल्या. "वासावर जाऊ नका." बुधवारी सकाळी दोघं ट्रेनने मॅटलॉकला गेले. नीनाबाई अर्धा तास गाडीखाली होत्या. मग ओल्या चढावर कमलाकर पुन्हा मागच्या चाकापाशी उभे राहिले आणि या खेपेला त्यांना चिखल भरपूर लागला. मास्तरीणबाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली होती. कमलाकरांनी सही होईपर्यंत हात लावला नाही.

बर्फ ठरल्यापेक्षा चार तास आधी सुरू झाला. देविकाच्या गावाखालच्या चढाला लागेपर्यंत रस्ता पांढरा झाला होता आणि कुंपणाचा दगड तेवढा काळा उरला होता. चढाच्या मध्यावर पुढे एक मोठी व्हॅन आडवी होऊन अडकली होती. नीनाबाईंना थांबावं लागलं, उभ्या चढावर.

"आता?" कमलाकर म्हणाले. त्यांनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

"आता ती हलेपर्यंत गप्पा मारू."

पण मारल्या नाहीत. व्हॅनवाला मागे घेत होता, पुढे घेत होता. एकदा ती त्यांच्याकडेच घसरत आली, हातभर, आणि थांबली. कमलाकरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा नीनाबाईंच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. बाईंनाही भीती वाटते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. अखेर व्हॅन कडेला गेली. नीनाबाईंनी ब्रेकवरचा पाय अगदी अलगद उचलला. गाडी थरथरली, वीतभर मागे आली. कमलाकरांच्या तोंडून "दिया" एवढंच निघालं, का कोण जाणे. मग चाकांनी कुठेतरी पकड घेतली आणि गाडी वर निघाली, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने.

"चढवते ती ही यंत्रणा," वर पोचल्यावर नीनाबाई म्हणाल्या. "थांबवतात ते टायर. उतारावर चार चाकांचा काही उपयोग नाही, हे देविकाला पाठ करायला लावा."

त्या रात्री मुक्काम देविकाकडे पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी देविका दियाला मागे बसवून त्याच उतारावरून गेली. कमलाकर खिडकीपाशी उभे होते. नीनाबाई जमिनीवर बसून दियाच्या खेळण्यातल्या गाडीचं निखळलेलं चाक बसवत होत्या, आणि ते लवकर बसत नव्हतं. वीस मिनिटांनी फोन वाजला. "बाबा, वुई आर फाइन. दिया शाळेत. तिने पूर्ण वेळ गाणं म्हटली."

दुपारी देविका घरी आल्यावर नीनाबाई परत निघाल्या. कमलाकर काही दिवस तिथेच राहणार होते. स्टेशनापर्यंत त्यांनीच गाडी चालवावी असा बाईंनी हट्ट धरला. ते घाबरत घाबरत चालवत होते आणि बाई शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होत्या. कमलाकरांना विचारायचं होतं, तुमचं गाव कुठलं, तिथे कोण असतं. पण उतार आला, मग वळण, मग स्टेशन.

नीनाबाई उतरल्या, बॅग खांद्याला लावली आणि वाकून काचेतून आत बघितलं.

"टायरची हवा पंधरा दिवसांनी बघायला सांगा तिला. गार असताना."

"सांगतो. पोचलात की मिस्ड कॉल द्या."

"देते. तुम्ही निघा आता, मागे टॅक्सी थांबलीय."

"बरं," कमलाकर म्हणाले. "येऊ मग?"

"या. दुसऱ्या गिअरमध्ये जा."